वहिनींच्या कोडावर प्रकाशोपचार : ऊन पुरेसे आहे की यंत्रच लागते, आणि डॉक्टर कसे निवडावेत?

कोरडवाहू (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. माझ्या थोरल्या भावाच्या पत्नीला, म्हणजे आमच्या वहिनींना, गेल्या पावसाळ्यापासून अंगावर पांढरे डाग उमटू लागले आहेत. पहिला डाग कपाळावर, नेमका टिकलीच्या जागी दिसला. त्यानंतर दोन्ही हातांच्या बोटांच्या टोकांशी आणि उजव्या डोळ्याच्या कडेला डाग आले, आणि आता कमरेला परकराची नाडी बसते त्या रेषेत पांढरा पट्टा दिसतो आहे. डागांना खाज नाही, आग नाही, वहिनींची तब्येत एरवी चांगली आहे.

तालुक्याच्या गावी ज्या डॉक्टरांकडे आम्ही ताप-खोकल्यापासून सगळ्याच गोष्टींसाठी जातो, त्यांनी डाग पाहून कोड असल्याचे सांगितले, सोरालेनच्या गोळ्या लिहून दिल्या आणि गोळी घेतल्यावर दोन तासांनी डाग उन्हात धरावेत असे सुचवले. किती वेळ धरावेत, या प्रश्नावर ‘सोसेल तितका वेळ’ एवढेच उत्तर मिळाले. सध्या कापसाची वेचणी चालू असल्याने वहिनी सकाळी गोळी घेऊन सरळ वावरात जातात आणि तिथेच ऊन मिळते, असा त्यांचा हिशेब आहे.

नागपूरच्या एका नातेवाइकांचे म्हणणे असे की, हे काम यंत्रातील प्रकाशाने व्हायला हवे आणि त्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा रुग्णालयात जावे लागते. घरात तान्हे मूल आहे, वहिनींना दिवसभर बाहेर राहता येत नाही, आणि आमच्या गावाहून नागपूर गाठायचे म्हणजे पूर्ण दिवस मोडतो. म्हणून विचारतो. विदर्भात ऊन भरपूर आणि फुकट असताना यंत्राची खरोखर गरज आहे का? असेल, तर आमच्यासारख्यांनी ते कुठे आणि कसे जमवावे? आणि ‘स्किन स्पेशालिस्ट’ अशी पाटी तालुक्यात तीन-चार ठिकाणी दिसत असताना खरा त्वचारोगतज्ज्ञ ओळखावा तरी कसा?

त्वचाविभाग (प्रतिसाद)

मी त्वचारोगतज्ज्ञ असून विदर्भातच काम करतो. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, तेव्हा पुढील मजकूर माहिती म्हणून वाचावा. उत्तराचा क्रम मात्र मी बदलतो, कारण आपण जाता जाता लिहिलेली एक गोष्ट सर्वांत आधी बोलणे आवश्यक आहे. बाळ अंगावर पीत असेल, तर सोरालेनची गोळी आजच थांबवावी आणि मगच तज्ज्ञाला भेटावे. गर्भवती आणि स्तनदा मातांना हे औषध पोटातून देत नाहीत. यकृताचा आजार, मोतीबिंदू किंवा उन्हाने बळावणारे ल्यूपससारखे विकार असलेल्यांनाही ते टाळतात, आणि बारा वर्षांखालील मुलांनाही सहसा देत नाहीत. कोडाच्या उपचारात दोन-चार आठवडे मागेपुढे झाल्याने नुकसान होत नाही, त्यामुळे गोळी थांबवण्याची भीती बाळगू नये.

दुसरी गोष्ट वेचणीची. सोरालेन हे औषध प्रकाश पडल्याशिवाय काम करत नाही. ते रक्तातून त्वचेत पोहोचते आणि तिथे सूर्यप्रकाशातील अतिनील-अ (यूव्हीए) किरण पडले की पेशींच्या डीएनएला जाऊन चिकटते. औषध अंगात असेपर्यंत डॉक्टरांनी ठरवून दिलेले पाच-दहा मिनिटांचे ऊन आणि पऱ्हाटीत दुपारपर्यंत वाकून लागलेले ऊन यांत त्वचा काहीही भेद करत नाही. त्यातून होणारी भाजणूक लगेच दिसतही नाही. ती दोन ते तीन दिवसांनी शिगेला पोहोचते, त्यामुळे ‘काल काही झाले नाही, आज थोडे जास्त बसू’ असे म्हणणारे रुग्ण तिसऱ्या दिवशी पाण्याने भरलेले फोड घेऊन ओपीडीत येतात. गोळी घेतल्यापासून पुढील चोवीस तास डोळ्यांवर अतिनील किरण अडवणारा चष्मा ठेवावा लागतो, नाहीतर मोतीबिंदूचा धोका असतो. घरात बसल्यानेही भागत नाही, कारण खिडकीची साधी काच अतिनील-ब (यूव्हीबी) किरण अडवते, अतिनील-अ किरण मात्र बऱ्याच प्रमाणात आत सोडते. एसटीच्या खिडकीशी बसून केलेला परतीचा प्रवास म्हणजेसुद्धा ऊनच होय.

आता आपला मूळ प्रश्न. सूर्यप्रकाशात अतिनील-अ, अतिनील-ब, दृश्य प्रकाश आणि उष्णता हे सगळे एकत्र असते, आणि त्याचे प्रमाण ऋतू, तास, ढग आणि धुके यांप्रमाणे बदलत राहते. डिसेंबरातील सकाळचे दहा मिनिटांचे ऊन आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेलेला असतानाचे दहा मिनिटांचे ऊन ही एकच मात्रा नव्हे. फवारणीच्या पंपात आपण औषध झाकणाने मोजून घालतो, हंगाम पाहून अंदाजाने ओतत नाही. प्रकाशाचेही तसेच आहे. रुग्णालयात सध्या ज्या यंत्राचा वापर सर्वाधिक होतो, त्यात ३११ ते ३१३ नॅनोमीटर एवढ्या अरुंद पट्ट्यातील अतिनील-ब किरण सोडणाऱ्या नळ्या असतात, आणि त्यासाठी कोणतीही गोळी घ्यावी लागत नाही. म्हणूनच गर्भवती, स्तनदा माता आणि लहान मुले यांनाही तो उपचार देता येतो. किरणांची मात्रा यंत्रावर मोजून लावतात आणि दर वेळी थोडी थोडी वाढवत नेतात. डागावर फिकट गुलाबी छटा यावी आणि ती चोवीस तासांच्या आत मावळावी, इतपत मात्रा योग्य समजली जाते.

सोरालेन आणि ऊन ही पद्धत चुकीची आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. यंत्र जवळ नसलेल्या भागांत ती देशभर वापरली गेली आहे आणि नीट देखरेखीखाली तिचा उपयोगही होतो. रुग्ण योग्य हवा, मिनिटे लिहून द्यायला हवीत आणि वाढवण्याचा क्रम ठरलेला हवा. ‘सोसेल तितका वेळ’ यातले काहीच सांगत नाही.

निदानाबद्दलही बोलायला हवे. कपाळावरील डाग टिकलीच्या जागीच आला असेल, तर टिकलीच्या गोंदातील पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफेनॉल हे रसायन कारणीभूत असू शकते. ते रंगपेशींना मारक असून त्यामुळे टिकलीच्या आकाराचा गोल पांढरा डाग पडल्याची उदाहरणे आपल्याकडे भरपूर आहेत. गोंद असलेली टिकली आजपासून बंद करावी. कमरेचा पट्टा नाडीच्या काचण्यामुळे आला असण्याची शक्यता दाट आहे, कारण कोड असलेल्यांच्या त्वचेवर जिथे सतत घर्षण किंवा जखम होते तिथे नवे डाग येतात. नाडीऐवजी रुंद पट्टी वापरावी आणि ती सैल बांधावी. औषधाइतकेच याला महत्त्व आहे, आणि खर्च काहीच नाही. कोडासोबत थायरॉइडचे विकारही आढळतात, म्हणून तज्ज्ञ रक्ताची टीएसएच तपासणी सांगतील.

देवळीकर (प्रतिसाद)

मला कोड नाही, सोरायसिस आहे, पण यंत्र तेच आणि प्रकाशही तोच, म्हणून रुग्णाच्या बाजूने दोन शब्द लिहितो. मी वर्ध्याच्या बाजूला उपचार घेतले. एका रुग्णालयात मला नाव नोंदवून पाठवले गेले आणि तिथे पोहोचल्यावर यंत्राच्या निम्म्या नळ्या बंद असल्याचे कळले. दुसरीकडे यंत्र उत्तम होते, पण ते चालवणाऱ्या ताई दुपारी एकनंतर नसत. यात डॉक्टरांचे ज्ञान कुठेही कमी नव्हते, तरीही उपचार अडला तो अशाच गोष्टींवर. म्हणून कुठेही जाण्यापूर्वी फोन करून यंत्र चालू आहे का, कोणत्या वारी आणि किती वाजेपर्यंत चालते, आणि दर वेळी नव्याने केसपेपर काढून रांगेत उभे राहावे लागते की एका कार्डावर थेट आत घेतात, हे विचारून घ्यावे.

प्रत्यक्ष प्रकाशात उभे राहण्याचा वेळ सुरुवातीला एखाद्या मिनिटाहूनही कमी असतो. उंच पेटीसारख्या यंत्रात काळा चष्मा लावून उभे राहायचे, नळ्या निळसर जांभळ्या उजळतात, पंखा घुमतो, थोडी ऊब जाणवते आणि टाइमर वाजला की बाहेर यायचे. एवढ्यासाठी इतका प्रवास केला का, असे प्रथम प्रत्येकालाच वाटते. पण आठवड्यातून दोन-तीन वेळा, मध्ये एक दिवस सोडून, हे महिनोन्महिने चालू ठेवावे लागते, आणि खंड पडला की मात्रा मागे येते. आमच्याकडे आठवडाभराच्या खंडाला मात्रा तीच ठेवत, दोन-तीन आठवड्यांच्या खंडाला कमी करत, आणि महिना उलटला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. त्यामुळे माझे स्पष्ट मत असे आहे की, दूरच्या नामवंत तज्ज्ञापेक्षा जिथे आठवड्यातून दोनदा पोहोचता येईल असे जवळचे चालू यंत्र कधीही बरे. मोठ्या डॉक्टरांना सुरुवातीला एकदा आणि पुढे तीन-चार महिन्यांनी दाखवता येते. यंत्राकडे मात्र नेमाने जावे लागते.

आणखी एक सांगतो. दर वेळच्या मात्रेची नोंद असलेले कार्ड रुग्णालयात राहत असेल, तर मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवावा. रुग्णालय बदलायची वेळ आली, तर नव्या ठिकाणी तोच आकडा उपयोगी पडतो.

बाभूळबन (प्रतिसाद)

वरील दोन्ही उत्तरे वाचली. आमच्या आजोबांच्या काळी कोडावर बावचीचे तेल लावून सकाळच्या उन्हात बसण्याची पद्धत होती आणि बावचीचा उल्लेख आपल्या जुन्या वैद्यकात आहे. गोळ्या पोटातून चालत नसतील, तर वहिनींनी बावचीचे तेल डागांवर लावून पाहण्यास हरकत काय? ते निसर्गातून येते आणि बाजारात सहज मिळते.

त्वचाविभाग (प्रतिसाद)

बावचीची परंपरा खरी आहे, आणि ती नुसती श्रद्धा नव्हती. बावचीच्या बियांत सोरालेनच असते. आधुनिक गोळीचा उगमही वनस्पतीतच आहे. १९४० च्या दशकात इजिप्तमध्ये नाईलच्या खोऱ्यातील एका रानटी वनस्पतीतून ८-मेथॉक्सीसोरालेन वेगळे करून त्याचा कोडावर वापर सुरू झाला, आणि १९७४ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी तेच औषध व यंत्रातील अतिनील-अ किरण यांची जोडी सोरायसिससाठी वापरून दाखवली. पण औषध तेच असल्यामुळे त्याचा धोकाही तोच आहे. त्वचेवर लावलेले सोरालेन पोटातून घेतलेल्यापेक्षा अधिक भाजते, आणि बाजारातील तेलात ते किती आहे हे बाटलीवरून कळत नाही. नाडीच्या घर्षणातून नवे डाग येत असल्याचा संशय असताना डोळ्याच्या कडेला बावचीचे तेल लावून फोड आणवले, तर त्या जखमेवर नवा डाग पडण्याचीच भीती. शिवाय आईच्या हाताबोटांना लागलेले तेल बाळाच्या तोंडात जाऊ शकते. वैद्यांच्या देखरेखीशिवाय हे करू नये.

गटप्रवर्तक (प्रतिसाद)

मी यवतमाळ जिल्ह्यातच आशा स्वयंसेविकांसोबत काम करते, म्हणून एक महत्त्वाची भर घालते. आपल्या भागात अंगावर फिकट डाग दिसला की कुष्ठरोग नाही ना, हे आधी पाहून घ्यावे. कोडाचा डाग खडूसारखा पांढराशुभ्र असतो आणि तिथे स्पर्श पूर्ण कळतो. कुष्ठरोगाचा डाग सहसा फिकट किंवा लालसर असतो, तिथे संवेदना कमी झालेली असते, घाम येत नाही आणि केस विरळ होतात. डोळे मिटायला सांगून कापसाचे टोक डागावर टेकवले आणि ते कुठे लागले हे बोटाने दाखवायला सांगितले की बराचसा अंदाज येतो, पण खात्री प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांकडूनच करावी. कुष्ठरोग निघालाच, तर त्याची औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात आणि सहा किंवा बारा महिन्यांत तो पूर्ण बरा होतो. वहिनींच्या डागांचे वर्णन तसे वाटत नाही, तरी ही तपासणी करून चिठ्ठी घेतली, तर पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवणेही सोपे जाते.

दुसरे असे की, प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा उपकेंद्रातून ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवर तज्ज्ञांचा सल्ला मोफत घेता येतो. पडद्यावर डाग दाखवून प्रकाशोपचार होत नाहीत हे खरे, पण वहिनींनी कुठे जावे आणि तोपर्यंत काय थांबवावे, हे घरापासून दूर न जाता विचारता येते. प्रवासाचे म्हणाल, तर एसटीत सर्व महिलांना अर्धेच तिकीट आहे. आणि घरात किंवा शेजारी कोणी वहिनींच्या हातचे पाणी घ्यायला कचरत असेल, तर त्यांना कृपया ठामपणे सांगा की कोड स्पर्शाने, अन्नाने किंवा बाळाला दूध पाजल्याने कोणालाही होत नाही. आमच्या फिरतीत डागांपेक्षा या वागणुकीने खचलेल्या बायाच जास्त भेटतात.

कोरडवाहू (प्रश्नकर्ता)

आपल्या सर्वांचा अतिशय आभारी आहे. गोळ्या आणि टिकली दोन्ही बंद केल्या आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवले असून संवेदना व्यवस्थित असल्याचे तेथील मॅडमनी लिहून दिले आहे. आता दोन शंका उरतात. डॉक्टर निवडताना नेमके काय पाहावे, हे अजून स्पष्ट झालेले नाही. आणि भावाला कोणीतरी घरी वापरायचे लहान यंत्र सुचवले आहे, ते घ्यावे का? बोटांवरचे डाग जातील का, असे वहिनी रोज विचारतात, त्याचेही खरे उत्तर मिळाले तर बरे होईल.

त्वचाविभाग (प्रतिसाद)

पाटीऐवजी पदवी वाचावी. एमबीबीएसनंतर त्वचारोग, गुप्तरोग व कुष्ठरोग या विषयातील एम.डी. किंवा डी.एन.बी., अथवा याच विषयातील पदविका असलेले डॉक्टर हे त्वचारोगतज्ज्ञ. काही आठवड्यांचे ‘कॉस्मेटॉलॉजी’चे प्रमाणपत्र या यादीत बसत नाही. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असायला हवा, आणि परिषदेच्या संकेतस्थळावर नाव टाकून नोंदणी पडताळता येते. आयएडीव्हीएल या त्वचारोगतज्ज्ञांच्या देशव्यापी संघटनेच्या संकेतस्थळावरही सदस्य शोधता येतात. पहिल्या भेटीतही बरेच कळते. डॉक्टरांनी खोली अंधारी करून वूड्स लॅम्पखाली डाग पाहिले (कोडाचा डाग त्या दिव्यात खडूसारखा निळसर पांढरा चमकतो), संपूर्ण अंग तपासले, बाळंतपण आणि चालू औषधे विचारली, आणि उपचाराला किती महिने लागतील हे न विचारता सांगितले, तर आपण योग्य जागी आला आहात. ‘महिन्यात डाग घालवतो’ असे सांगणाऱ्याकडून मात्र उठून यावे. औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या स्टेरॉइडच्या ट्यूबही टाळाव्यात. कोडावर स्टेरॉइड किंवा टॅक्रोलिमसचे मलम देतात, पण कोणत्या जागी कोणते आणि किती दिवस, हे तज्ज्ञाने ठरवायचे असते, आणि डोळ्याजवळ तर नक्कीच.

घाटंजीहून आपल्याला सर्वांत जवळचे म्हणजे यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तिथे त्वचारोग विभाग आहे. देवळीकरांनी सांगितलेले प्रश्न तिथेच आधी फोनवर विचारावेत. तिथे जमले नाही, तर वर्ध्याच्या बाजूला सेवाग्राम आणि सावंगी ही दोन मोठी रुग्णालये आहेत. नागपूरचे मेडिकल, मेयो किंवा मिहानमधील एम्स ही सरकारी रुग्णालये निदानात गुंता वाटला तरच, असे माझे मत आहे. प्रकाशोपचारासाठी दर आठवड्याला नागपूर गाठण्याचे कारण नाही.

घरगुती यंत्राबाबत माझा विरोध नाही. तळहातात मावणारी, अरुंद पट्ट्याच्याच अतिनील-ब किरणांची यंत्रे मिळतात आणि डाग थोडे व मर्यादित जागी असतील, तर आपल्यासारख्या दूरच्या कुटुंबांना ती खरोखर सोयीची पडतात. मात्र ती तज्ज्ञाने तपासून सुरुवातीचे सेकंद आणि वाढवण्याचा क्रम लिहून दिल्यावर, आणि पहिले काही उपचार रुग्णालयात करून पाहिल्यावरच घ्यावीत. डोळ्याच्या कडेचा डाग घरी करू नये. वीज मध्येच गेली, तर राहिलेले सेकंद अंदाजाने भरून काढू नयेत, तो उपचार तिथेच सोडून पुढच्या ठरलेल्या दिवशी जुन्याच मात्रेने करावा. यंत्र घेताना त्यातील किरण कोणते आहेत हे चिठ्ठीशी ताडून पाहावे, कारण नखे सुकवण्याचे आणि जंतू मारण्याचे दिवेही ‘यूव्ही’ नावानेच विकले जातात, आणि जंतुनाशक दिवा त्वचेवर धरणे घातक आहे.

बोटांचे उत्तर सरळ देतो. त्वचेत रंग परत येतो तो मुख्यतः केसांच्या मुळाशी उरलेल्या रंगपेशींतून, म्हणून बरा होणाऱ्या डागात आधी प्रत्येक केसाभोवती तपकिरी ठिपके दिसतात आणि ते पसरत एकमेकांना मिळतात. बोटांच्या टोकांवर केसच नसतात, त्यामुळे तिथे प्रकाशोपचाराचा परिणाम सर्वांत कमी होतो, आणि डागातील केस पांढरे झाले असतील तर इतर जागीही आशा कमी असते. चेहरा आणि मान यांना सर्वांत चांगला प्रतिसाद मिळतो, त्यामुळे कपाळ आणि डोळ्याजवळचा डाग यांबद्दल वहिनींना नक्की धीर द्यावा, कमरेच्या पट्ट्याचे यश नाडी सुटण्यावर बरेच अवलंबून राहील, आणि बोटांबद्दल खोटी आशा लावू नये. निदान तीन महिने नियमित उपचार झाल्याशिवाय परिणाम जोखू नये, पुष्कळदा सहा महिने लागतात. आज सर्व डागांचे फोटो दिवसाउजेडी, शेजारी मोजपट्टी धरून काढून ठेवावेत आणि दर महिन्याला त्याच जागी उभे राहून पुन्हा काढावेत, म्हणजे पुढच्या भेटीत डॉक्टरांना मात्रा ठरवताना तेच दाखवता येतील.